देवगडची एका दिवसाची सहल: आधी विहिरी, मग किल्ला

नागपूरहून देवगडला नेऊन त्याच रात्री परत आणणारी एक सहल हिवाळ्यात निघते. धंतोलीतल्या दोघी बहिणी ती चालवतात. थोरली आर्किटेक्ट आहे, धाकटी कॉलेजात इतिहास शिकवते. माणशी १,८०० रुपये पडतात. त्यात गाडी, सकाळचा नाश्ता, गावातलं जेवण आणि गावातल्याच वाटाड्याचे पैसे आले. मी डिसेंबरात जाऊन आलो. सगळा जन्म नागपुरात गेला आणि देवगड तेवढं पाहायचं राहिलं, अशा प्रत्येकाने ही सहल करावी असं मला वाटतं. का, ते जरा सविस्तर लिहितो.

हे हापूसचं देवगड नव्हे. हे सातपुड्यातलं, छिंदवाडा जिल्ह्याच्या मोहखेड तालुक्यातलं. एकेकाळची गोंड राजांची राजधानी, आज जंगलाच्या कुशीतलं लहानसं गाव. ज्या बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवलं, तो इथला राजा. सिव्हिल लाइन्समधला त्याचा पुतळा आपण येता-जाता पाहतो. त्याचं मूळ गाव आपल्यापासून साडेतीन-चार तासांवर आहे आणि आपल्यातले बहुतेक जण पचमढीला जाताना छिंदवाड्यावरून सरळ पुढे निघून जातात.

माझी उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. घर नागपूरच्या जुन्या महाल भागात, गोंड राजाच्या किल्ल्यापासून पायी पोचण्याच्या अंतरावर. त्यामुळे देवगडबद्दल ऐकत आलो होतो, पण जे ऐकलं ते सगळं किल्ल्याबद्दल. या दोघी बहिणींनी फोनवर सांगितलं, "काका, किल्ला दुपारी. सकाळचा सगळा वेळ विहिरी आणि जुन्या वस्तीला." तेवढ्यावर मी पैसे भरले.

प्रवासाबद्दल थोडक्यात. पहाटे साडेपाचला संविधान चौकातून गाडी सुटते आणि खरोखर साडेपाचलाच सुटते. सावनेरच्या अलीकडे तर्री-पोहे. तर्री झणझणीत होती, पोहे गरम होते, चहा दोनदा मागता आला. सावनेर सोडलं की थोड्याच वेळात राज्य बदलतं, पण सौंसरपर्यंत कानावर मराठीच पडते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा दिसत राहतात. जाम सावळीच्या हनुमानाला गाडी थांबत नाही. आमच्यातल्या काही जणांना ते लागलं. माझ्या मते बहिणींचा निर्णय बरोबर आहे. डिसेंबरात साडेपाचला उजेड जायला लागतो आणि जंगलातल्या वस्तीत उजेडाची किंमत मोठी असते. दर्शनाला वेगळा दिवस काढावा. पुढे सिल्लेवानीचा घाट, सागाचं रान, उमरानाल्यावरून मोहखेड, आणि मग अरुंद रस्त्याने देवगड.

गाडीतून उतरल्यावर किल्ल्याचा डोंगर समोरच दिसतो. सगळ्यांची मान आपोआप वर जाते. वाटाड्या तिथेच उभा होता, गावातलाच गोंड तरुण, मराठी-हिंदी दोन्ही बोलणारा. त्याने आम्हाला डोंगराकडे पाठ करून उलट्या दिशेला, नाल्याच्या अंगाने चालायला लावलं. या सहलीचं वेगळेपण इथून सुरू होतं.

वाट सागाच्या आणि पळसाच्या झाडीतून जाते. आधी काहीच दिसत नाही. मग थोरलीने एका जागी थांबवून पायाखाली पाहायला सांगितलं. जमिनीतून दगडांची एक सरळ ओळ वर आली होती. पुढे काटकोनात वळलेली दुसरी. घराचं जोतं. एक दिसलं की दुसरं दिसतं. थोड्या वेळात आमच्यातली दहा-बारा वर्षांची पोरगीसुद्धा "हे बघा, इथे पण घर" म्हणून बोट दाखवायला लागली. उतारावर पायऱ्यांसारखे टप्पे काढून जागा सपाट केलेली आहे, प्रत्येक टप्प्याला दगडी बांध, आणि बांधावर आता रायमुनियाची दाट झुडपं. थोरली फार बोलत नाही. भिंतीची जाडी पावलांनी मोजून दाखवते, दाराची जागा कुठली, चूल कुठे असावी, पाणी कुठल्या बाजूने वाहून जात असावं, एवढंच सांगते आणि गप्प राहते. आर्किटेक्टने दाखवावं तसं ती दाखवते. मला ते फार भावलं.

आणि मग पहिली बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर.

देवगडात आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या असं सांगतात. आकडा लोकांच्या तोंडचा आहे, तो तसाच घ्यावा. पण तो आकडा तोंडोतोंडी का टिकला, हे त्या उतारावर उभं राहिल्यावर पटतं. आम्ही जेवढ्या भागात फिरलो त्यात थोड्या थोड्या अंतरावर विहीर आहे. काही गोल, काही चौकोनी, काहींना एका अंगाने थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. बरीच वर्षं त्या गाळाने आणि झुडपांनी भरून गेल्या होत्या. अलीकडच्या वर्षांत मनरेगाच्या कामातून त्यातल्या पुष्कळ मोकळ्या केल्या गेल्या, पडलेले कठडे पुन्हा बांधले गेले. ते काम गावातल्याच माणसांच्या हातून झालं. आमच्या वाटाड्याचे वडील त्या कामावर होते. गाळ उपसताना खालून पायऱ्या कशा निघत गेल्या, हे तो आपण स्वतः पाहिल्याप्रमाणे सांगत होता.

थोरली म्हणाली, "काका, तुम्ही पाण्याच्या खात्यात होतात. आता तुम्हीच सांगा, इतक्या विहिरी कशाला?"

मी तिथे जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण देवगडला जाणाऱ्याला ते माहीत असलेलं बरं. डोंगराळ मुलखात पाऊस उदंड पडतो, पण उतारामुळे पाणी ठरत नाही. बघता बघता नाल्याला लागतं. खालचा कातळ टणक. त्यात पाणी मुरत नाही. ते साठतं वरच्या मुरमाच्या थरात आणि कातळाला ज्या भेगा असतात त्यांच्यात. अशा जमिनीत एकच मोठी, खोल विहीर खणून शहराची तहान भागत नाही. ती सकाळी उपसली की पुन्हा भरायला झिऱ्यांना, म्हणजे भेगांतून पाझरणाऱ्या बारीक धारांना, रात्र लागते. म्हणून उपसा वाटून घ्यावा लागतो. विहिरी पुष्कळ, रुंद तोंडाच्या, फार खोल नाहीत, आणि उतारावर एकीखाली एक. वरच्या टप्प्यावर अडलेलं आणि जिरलेलं पाणी खालच्या टप्प्यावरच्या विहिरीला मिळतं. टप्प्यांचे बांध फक्त घरासाठी जागा सपाट करायला घातलेले नाहीत. तेच पावसाला धरून ठेवतात. घर, बांध आणि विहीर हे एकाच हाताने आखलेलं काम आहे. आजच्या भाषेत आपण त्याला पाणलोट म्हणतो, त्यासाठी आराखडे करतो, मंजुऱ्या घेतो. इथे ते डोळ्यांसमोर बांधलेलं आहे आणि गाळ काढल्याबरोबर पुन्हा चालू झालं आहे. डिसेंबरात पायऱ्या संपतात तिथे निवळ पाणी उभं होतं. वाटाड्याने सांगितलं की गावातले लोक त्यातल्या काही विहिरींचं पाणी शेताला घेतात.

एका बावडीत मी अर्ध्यापर्यंत उतरलो. "काकाजी, पाय जपून, खालची पायरी हालते," असं म्हणत तो पोरगा माझ्यापुढे एक पायरी खाली राहूनच चालत होता. बाजूच्या भिंतीत दिव्यासाठी कोनाडा आहे. दगडांचे सांधे चुन्याने भरलेले, आणि पाण्याच्या पातळीजवळ एका सांध्यातून बारीक झिरा अजून वाहतो आहे. मी हात लावून पाहिला. बांधणाऱ्याने तो सांधा मुद्दाम चुना न भरता मोकळा ठेवला आहे. झिरा बंद केला तर विहीर मरते आणि भिंतीवर मागून दाब येऊन ती फुगते, हे त्याला ठाऊक होतं. ते काम बघून मला मनापासून आनंद झाला. कोणाचं नाव त्यावर नाही.

इतिहास धाकटीने त्याच बावडीच्या काठावर सांगितला आणि चांगला सांगितला. सनावळ्यांचा मारा केला नाही. जाटबा हा देवगडच्या गोंड घराण्याचा पहिला मोठा राजा. त्याने रणसूर आणि घणसूर या गवळी राजांकडे चाकरी केली आणि देवीने दिलेल्या लाकडी तलवारीने त्यांना मारून गादी मिळवली, अशी दंतकथा आहे. दंतकथा संपली आणि कागद सुरू झाला, हे तिने आवाज बदलून स्पष्ट केलं. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-इ-अकबरी’त जाटबाची नोंद आहे: दोन हजार स्वार, पन्नास हजार पायदळ, शंभर हत्ती. एवढ्या बळाच्या राजाची वस्ती म्हणजे तिला पाणी किती लागत असेल याचा हिशेब प्रत्येकाने मनात केला असणार. मी तरी केला. हत्ती दिवसाला माणसापेक्षा कितीतरी पट पाणी पितो.

मग बख्त बुलंद. गादीच्या भांडणात तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, १६८६ मध्ये राजा म्हणून मान्यता घेऊन परतला, आणि पुढे त्याच औरंगजेबाविरुद्ध उठला. त्याने डोंगराखालच्या सपाट काळ्या जमिनीचं मोल ओळखलं. चहूकडून कष्टाळू शेतकरी आणि कारागीर बोलावून वसवले, हिंदू-मुसलमान न पाहता हुशार माणसं कामाला घेतली. हे नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्या १८२७ च्या अहवालात आहे. बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान याने राजधानीच नागपूरला आणली, शहराला कोट घातला, जुम्मा तलाव बांधला. तोच आपला शुक्रवारी तलाव, गांधीसागर. महालातला गांधी दरवाजा हा त्याच कोटाचा जुम्मा दरवाजा. चांद सुलतानानंतर घरात वारसाचं भांडण झालं, राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं, आणि १७४३ पर्यंत सत्ता भोसल्यांकडे गेली. गोंड राजाकडे भोसल्यांना गादीवर बसताना टिळा लावायचा मान राहिला.

देवगड ओस का पडलं, याचं उत्तर एवढंच आहे. दरबार खाली गेला, दरबारामागे कारागीर गेले, कारागिरांमागे बाजार गेला. पाणी आटलं म्हणून कोणी गेलं नाही. विहिरी भरलेल्या सोडून माणसं गेली. मी हे ऐकत होतो तेव्हा मला एक गोष्ट लागली: नागपूरने देवगडची माणसं घेतली, पण त्यांची पाण्याची रीत घेतली नाही. महालात आजही वाड्यावाड्यांत जुन्या विहिरी आहेत, कित्येकींवर फरशी टाकून वर दुचाक्या उभ्या असतात. आपण पितो ते पाणी बव्हंशी कन्हान आणि पेंचचं, आणि कन्हान उगम पावते ती याच छिंदवाडा जिल्ह्याच्या डोंगरात. म्हणजे पाणी अजून तिथूनच येतं. हे धाकटीने सांगितलं नाही, तिने ते सांगायला हवं. नागपूरच्या माणसाला देवगडशी जोडणारं याहून जवळचं काही नाही.

जेवण गावातल्या एका घरच्या अंगणात. कुटकी या भरडधान्याचा भात, मक्याची भाकर, तुरीचं वरण, वांग्याचं भरीत, पाट्यावर वाटलेली टमाटर-लसणाची चटणी आणि ताक. कुटकी बऱ्याच जणांनी प्रथमच खाल्ली. दाणा बारीक, भात मोकळा, वरणाशी छान लागतो. भाकर चुलीवरून थेट ताटात येत होती आणि वाढणारी ताई "अजून एक घ्या नं, किल्ला चढायचाय" म्हणत नको म्हणू देत नव्हती. ताटं स्टीलची, कुठेही प्लास्टिक नाही. जेवणाचे आणि वाटाड्याचे पैसे गावात किती जातात, हे बहिणी गाडीतच सगळ्यांसमोर सांगतात. विचारावं लागत नाही. सहली काढणाऱ्या सगळ्यांनीच असं करावं.

दुपारी किल्ला. चढ फार मोठा नाही, पण उभा आहे आणि वाटेत सुटे दगड आहेत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी खालीच, विहिरींपाशी थांबावं. त्यात काही गमावल्यासारखं होत नाही. वर दरवाजे, नगारखाना, दरबाराची जागा, मशीद, आणि मोती टाकं. नगारखान्याच्या भिंती अजून ताठ उभ्या आहेत. मोती टाक्याचं पाणी एके काळी इतकं नितळ होतं की टाकलेलं नाणं तळाशी दिसे, असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी हिरवं होतं. डोंगरमाथ्यावर झरा नसताना राजवाड्याला पाणी कुठून, तर पावसाचं. माथ्यावर पडलेला पाऊस अडवून टाक्यात घेतला की पुढच्या पावसाळ्यापर्यंतची बेगमी. खाली मुरवायचं, वर साठवायचं, अशी दोन वेगळी तंत्रं एकाच गावात आहेत, आणि सकाळी विहिरी पाहिलेल्या असल्यामुळेच ती लक्षात येतात. आधी किल्ला पाहिला असता तर टाकं म्हणजे फोटोची एक जागा, एवढंच राहिलं असतं.

देवगडहून नागपूरपर्यंत भुयार जातं अशीही कथा आहे. वाटाड्याने ती रंगवून सांगितली, पोरं कान देऊन ऐकत होती. धाकटीने मध्ये तोडलं नाही आणि नंतर शांतपणे सांगितलं की याला पुरावा नाही. दोन्ही गोष्टी तिने नीट केल्या.

आता उणिवा. पहिली आणि सगळ्यांत मोठी: स्वच्छतागृह. सबंध दिवसात जेवणाच्या घरचं एकच, बावीस माणसांना. बायकांची फार अडचण झाली. निदान मोहखेडला जाता-येता एक ठरलेला थांबा हवा. दुसरी: बावीस माणसं बावडीच्या काठावर जास्त होतात. कठडा सगळीकडे नाही, मागचा माणूस पुढच्याला ढकलतो. पंधरापेक्षा जास्त घेऊ नयेत, लागल्यास पैसे थोडे वाढवावेत, मी देईन. तिसरी: वाटतात तो नकाशा हाताने काढलेला आणि सुंदर आहे, पण त्यावर विहिरींना क्रमांक नाहीत. त्यामुळे घरी आल्यावर कुठली पाहिली आणि कुठली नाही हे सांगता येत नाही. किल्ल्यावरचा वेळही थोडा कमी पडला. मशिदीजवळ आम्हाला घाई झाली. मात्र त्यासाठी सकाळचा वेळ कापू नये, परतायला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.

नकाशाबद्दल मी परतीच्या वाटेवर थोरलीशी बोललो. माझं म्हणणं असं: सहल दर हिवाळ्यात जाते, माणसं त्याच विहिरींपाशी उभी राहतात. प्रत्येक विहिरीला क्रमांक द्या, काठावर एक खूण करा, आणि दर खेपेला दोरीला वजन बांधून काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजून वहीत लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. चार-पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की कुठल्या विहिरीचा झिरा जिवंत आहे, कुठल्या विहिरीत पुन्हा गाळ भरतो आहे, ते कागदावर दिसेल आणि ग्रामपंचायतीला पुढचं काम कुठे काढायचं ते कळेल. वाटाड्याला मी मोजायची रीत दाखवली, त्याने दोन विहिरींवर स्वतः मोजून पाहिलं आणि दुसऱ्या वेळी आकडा बरोबर आला. थोरलीने होकार दिला आहे. पुढच्या खेपेला वही असेल, मोजपट्टी मी नेणार आहे. नाव नोंदवताना दोघींना विचारून घ्या, मोजायला एक माणूस धरायला आणि एक लिहायला लागतो.